कट्टा आणि पाळ

आमच्या शाळेतल्या मुलांना भूगोलात सर्वांत अवघड काय जात असेल, तर तो समुद्र. मोसमी वारे ती फळ्यावर बाण काढून दाखवतात, नद्यांची नावं घडाघडा म्हणतात; पण समुद्रापाशी आली, की त्यांची गाडी अडते. 'बाई, त्याची पलीकडची पाळ कुठं असते?' हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच. यात मुलांचा काही दोष नाही. गोंदिया जिल्हा हा तलावांचा जिल्हा. आमच्या अर्जुनी-मोरगावच्या बाजूला तर गाव तिथं तलाव आणि तलाव नसेल तिथं निदान बोडी. पाणी म्हटलं की त्याला पाळ असायचीच. पाळीशिवाय पाणी राहील कसं? वाहून नाही का जाणार?

तेव्हा दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही मुंबईला जायचं ठरवलं, त्यात मुलांच्या भूगोलाची काळजी मोठी होती, असं मी घरात सांगितलं. खरी गोष्ट अशी, की डोंबिवलीची नणंद गेली आठ वर्षं बोलावत होती आणि सासूबाईंनी सत्तरी ओलांडली तरी समुद्र पाहिला नव्हता. गोंदियाहून दुपारी सुटणारी विदर्भ एक्सप्रेस दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत पोचते. साडेनऊशेंहून अधिक किलोमीटरांचा प्रवास. पण एकाच राज्यातला! रात्रभर गाडी चालते आणि उजाडलं तरी महाराष्ट्रच. सासूबाईंना याचं फार नवल वाटलं.

मे महिन्यात आमच्या भागातून सहलीला जाणं ही मोठी चैन आहे, हे इथं सांगितलं पाहिजे. पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो हे तर आहेच. पण त्याहून मोठं कारण म्हणजे तो तेंदूच्या पानांचा हंगाम. उजाडायच्या आधी बायामाणसं जंगलात शिरतात, दुपारी घरी येऊन पानांची पुडकी बांधतात आणि संध्याकाळी ती फळीवर मोजून देतात. सत्तर पानांचं एक पुडकं. माझ्या वर्गातली अर्धी मुलं सुट्टी लागली की आईबरोबर या कामाला लागतात. त्याआधी मोहाची फुलं वेचायची असतात. सुट्टीत काय केलं, या विषयावर मी जूनमध्ये निबंध लिहायला देते, तेव्हा वह्यांना तेंदूच्या पानांचा वास येतो. अशा गावची मास्तरीण आपल्या दोन मुलांना घेऊन मुंबई बघायला निघते, तेव्हा तिच्या पिशवीत फराळाच्या डब्याबरोबर थोडा संकोचही असतो.

नणंदेचे यजमान मोठे शिस्तीचे. आम्ही पोचायच्या आधीच त्यांनी एका कागदावर आठ दिवसांचं वेळापत्रक तयार करून ठेवलं होतं. 'वहिनी, मुंबईत नुसतं हिंडून भागत नाही. इथं सगळं मिनिटावर असतं,' असं त्यांनी मला बजावलं.

पहिला दिवस राणीच्या बागेचा. तिचं नाव आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. पण भायखळ्याचा टॅक्सीवाला राणीची बाग म्हटल्याशिवाय हलत नाही. १८६२ साली उघडलेली ही बाग. २०१७ साली तिकीट वाढलं, तेव्हा कुरकुर झाली होती खरी. पण आम्ही गेलो तेव्हा आईबाप आणि दोन मुलं मिळून शंभर रुपये होते, म्हणजे आमच्याकडच्या यात्रेतल्या पाळण्याहून फार महाग नव्हतं. २०१६ साली दक्षिण कोरियातून इथं पेंग्विन पक्षी आणले. काचेपलीकडे सोळा ते अठरा अंशांच्या थंडाव्यात ते ऐटीत फिरत होते आणि काचेअलीकडे घामानं निथळणारी मुंबई त्यांच्याकडे बघत होती. सासूबाई बराच वेळ तिथून हलल्या नाहीत. मला वाटलं, पक्षी आवडले असतील. त्यांना काच आवडली होती. हात लावला की गार लागते म्हणून.

मत्स्यालय मात्र आमच्या नशिबी नव्हतं. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उघडलेलं तारापोरवाला मत्स्यालय आमच्या पिढीच्या धड्यांतून, चित्रपटांतून ऐकलेलं. २०१५ साली त्याचं नूतनीकरण झालं होतं, पण पुढं इमारत धोक्याची ठरली आणि ते बंद झालं. धाकट्यानं दाराशी उभं राहून विचारलं, 'मग आतले मासे कुठं गेले?' यावर वेळापत्रकात उत्तर नव्हतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत हे शहर आपल्या मुलांसाठी काय काय करतं, ते मला खरं कळलं दादरला. महानगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावांवर सुट्टीत एकवीस दिवसांची शिकाऊ शिबिरं लागतात. ('इथंपण तलाव आहे!' म्हणून माझी मुलं केवढी खूश झाली! निळ्या फरशीचा, चौकोनी, तळ दिसणारा तलाव त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.) पाण्यात मुलं, काठावर शिट्टी घातलेले शिक्षक आणि बाहेर कोरडे पंचे घेऊन बसलेल्या आया. शिवाजी पार्कवर श्री समर्थ व्यायाम मंदिर; १९२५ पासूनचं. तिथं सुट्टीत मुलामुलींचा मल्लखांब चालतो. दहा-बारा वर्षांच्या मुली दोरावर सापासारख्या वेटोळत वर चढत होत्या. संध्याकाळी एक बालनाट्य पाहिलं. सुधा करमरकरांनी १९५९ साली लिटल थिएटरतर्फे रत्नाकर मतकरींचं 'मधुमंजिरी' रंगभूमीवर आणलं आणि मुलांसाठी मोठ्यांनी मनापासून नाटक करायची चाल पडली. ती चाल अजून मोडलेली नाही. चेटकीण रंगमंचावर आली, तेव्हा माझ्या धाकट्यानं पुढच्या रांगेतल्या अनोळखी आजोबांची मान घट्ट धरली, आणि त्या आजोबांनी नाटक संपेपर्यंत ती सोडवून घेतली नाही.

झाडीपट्टीची माणसं आम्ही. नाटकाचं वेड आम्हांला नवं नाही. पण आमची नाटकं, आमच्या दंडारी, आमच्या मंडया सगळं धान कापून झाल्यावर, हिवाळ्यात. उन्हाळ्याच्या वाट्याला आमच्या गावानं काही ठेवलेलंच नाही.

पाचव्या दिवशी आम्ही मलबार टेकडीवरच्या बागेत गेलो. फिरोजशहा मेहता उद्यान असं तिचं नाव. लोक हँगिंग गार्डन म्हणतात. १८८१ साली ती पाण्याच्या मोठ्या टाक्यावर केली. म्हणजे वर फुलझाडं, वर पोरांचा गलका आणि पायाखाली शहराचं पिण्याचं पाणी! हे ऐकल्यावर सासूबाईंनी चपला काढून हातात घेतल्या. पाण्यावर चपलेनं चालू नये, एवढंच म्हणाल्या.

आणि मग मरीन ड्राईव्ह. वेळापत्रकात त्याला फक्त अर्धा तास होता. 'तिथं बघण्यासारखं काही नाही हो वहिनी, नुसतं बसायचं,' असं यजमानांनी आधीच सांगून ठेवलं होतं. आम्ही बसलो ते साडेतीन तास उठलो नाही.

सूर्य कलला होता. समोर पाणी. पलीकडची पाळ नसलेलं पाणी! मुलं गप्प झाली. सासूबाईंनी पदर सावरला, हात जोडले आणि पुष्कळ वेळानं म्हणाल्या, 'येवढा पानी, आन् धानाच्या कामाचा नाई.'

मला समुद्रापेक्षा कट्टा बघावासा वाटत होता. केवढा लांब कट्टा, आणि त्यावर केवढी तऱ्हेतऱ्हेची माणसं! नव्यानं लग्न झालेली जोडपी, फुटाणे खाणारे कॉलेजकुमार, बुरखा घातलेल्या तिघी बहिणी, सबंध मारवाडी कुटुंब, एकटाच बसलेला एक म्हातारा. सगळ्यांचं तोंड एकाच दिशेला. माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. गिरगावातल्या चाळीत राहणाऱ्या. मे महिन्यात रोज संध्याकाळी मुलाबाळांना घेऊन येतात म्हणाल्या. 'आमची खोली दहा बाय बाराची. हा आमचा दिवाणखाना.' आणि हसून त्यांनी आपल्या दिवाणखान्यात जरा सरकून सासूबाईंना पाय वर घ्यायला जागा करून दिली.

तो दिवाणखाना माझ्या डोक्यातून जाईना. मुंबईला देवानं समुद्र दिला हे खरं. पण कट्टा काही देवानं दिलेला नाही. गेल्या शतकात १९२० ते १९४० च्या दरम्यान खाडीचा समुद्र मागं हटवून ही जमीन माणसांनी केली. शिवाजी पार्कचं मैदान असंच, १९२५ साली महानगरपालिकेनं लोकांसाठी राखून ठेवलेलं. १९६० च्या १ मे रोजी महाराष्ट्राचा मंगलकलश याच शहरात आला आणि दरवर्षी त्या दिवशी या मैदानावर संचलन होतं. तेव्हाही त्याच्या भोवतीचा बुटका कट्टा माणसांनी भरून जातो. टाक्यावर झाकण घालायचंच आहे तर त्यावर बाग करू, असं कुणाच्या तरी मनात आलं. पोहणं शिकवायला एकवीस दिवस पुरतात, हे कुणीतरी ठरवलं. संध्याकाळी माणसाला घराबाहेर बसायला जागा लागते, आणि तिथं बसल्याबद्दल त्याच्याकडे पैसे मागायचे नसतात, एवढी साधी गोष्ट ज्या गावाला सुचली ते गाव उन्हाळ्यात माणसांना राहण्याजोगं राहतं. आणि नुसतं सुचून भागत नाही. निगा राखली नाही तर मत्स्यालयासारखं दाराला कुलूप लागतं.

तुम्ही म्हणाल, मुंबईची गोष्ट वेगळी. ती श्रीमंत. पण आमचे तलाव काय आकाशातून पडले? नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. सात डोंगरांच्या बेचक्यातलं ते पाणी आजही तिथं आहे, आणि थंडीत परदेशचे पक्षी त्यावर उतरतात. आमच्या भागातल्या कोहळी मंडळींनी पाण्याचा उतार नुसत्या डोळ्यांनी हेरून शेकडो तलाव बांधले. त्यांच्या पाळी म्हणजे आमचे कट्टेच होते. माझ्या सासूबाईंच्या तरुणपणी उन्हाळ्याच्या रात्री अर्धं गाव पाळीवर अंथरूण टाकायचं. वारा पाण्यावरून यायचा. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली. गेली ते बरंच झालं. पण तलाव सरकारजमा झाले आणि ते आपले आहेत ही भावना हळूहळू पातळ झाली. पाळीवर बेशरमाची झुडपं माजली. माणसं पंख्याखाली गेली, मग कूलरपुढं.

आणि मुलं? मुलं पाण्यात जायची थांबत नाहीत. आम्ही मुंबईला गेलो त्याच्या आदल्या उन्हाळ्यात शेजारच्या गावी तलावात दोन मुलं बुडाली. सख्खे भाऊ. आई जंगलात पानं तोडायला गेली होती. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा अंगणात त्या दिवशीची पुडकी तशीच पडलेली होती, बांधायची राहिलेली. दादरच्या निळ्या तलावापाशी ती शिट्टी वाजत होती, तेव्हा मला ते अंगण दिसत होतं. ज्या शहरातल्या मुलाला तलाव बघायला तिकीट काढावं लागतं, तिथं पोहणं शिकवतात. आणि जिथं दाराशी तलाव आहे, तिथं म्हशीचं शेपूट धरून जमेल तेवढं शिकायचं.

परत आल्यावर मी हे आमच्या महिला बचत गटात बोलून दाखवलं. भाषण करायचा माझा विचार नव्हता. मुंबईत काय पाहिलं, असं बायकांनी विचारलं म्हणून सांगितलं. पेंग्विन ऐकून सगळ्या हसल्या. कट्ट्याचं सांगितलं तेव्हा एकजण म्हणाली, 'मंग आपली पाळ का वाईट आहे?' यंदाच्या मार्चमध्ये चार रविवार खपून आम्ही पन्नास-साठ हात पाळ साफ केली. बेशरमाचं झाड नावाला जागतं, हे तेव्हा कळलं. कापून टाकलं तरी पडल्या जागी पुन्हा रुजतं. धिवरांच्या मोहल्ल्यातले एक आजोबा पोहणं शिकवायला तयार झाले. त्यांची शिट्टी नव्हती, पण आवाज होता. वाळलेले भोपळे पोरांच्या कमरेला बांधून त्यांनी मे महिन्यात रोज संध्याकाळी, पुडकी फळीवर गेल्यानंतर, शिकवणी चालवली. महिनाभरात अठरा मुलं तरंगू लागली. त्यांत सहा मुली. मुलींना पाठवायला आया आधी नाही म्हणत होत्या. मग त्याच आया पाळीवर येऊन बसू लागल्या, आणि त्यांच्या मागून म्हातारी मंडळी. मी शाळेतली गोष्टींची पुस्तकं पिशवीत घालून न्यायची. वाचायला कमी आणि वारा खायला जास्त, अशीच ती मैफल होती.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आमचा तलाव काठोकाठ भरलेला असेल. भाऊबीज झाली की मंडया सुरू होतात; आमच्या गावची मंडई पाळीच्या पायथ्याशीच भरते. सासूबाईंनी यंदा एक मागणी काढली आहे. मुंबईला आहे तसं पाय खाली सोडून बसायला पाळीवर काहीतरी हवं. मातीवर बसून गुडघे धरतात. ग्रामपंचायतीनं एक दगडी बाक मान्य केला आहे. दुसऱ्याची वर्गणी मंडईच्या दिवशी गोळा करायची आहे, आणि पावतीपुस्तक माझ्याकडे आलं आहे.