नाली, गुत्तेदार आणि मी

मॅगझीनसाठी लेख द्या अशी नोटीस लागली तेव्हा आमच्या रूमवर सगळ्यांनी लगेच विषय वाटून घेतले. एकाने मैत्री घेतली, दुसऱ्याने पहिला पाऊस, तिसऱ्याने ‘मेसची भाजी : एक चिंतन’. माझ्या वाट्याला काही उरलं नाही म्हणून मी नाली घेतली. हसू नका! सिव्हिलच्या पोराने नालीवर लिहायचं नाही तर काय कॉम्प्युटरवाल्यांनी लिहायचं?

तर मी कुरुंद्याचा. तालुका वसमत, जिल्हा हिंगोली. (‘म्हणजे परभणीच ना?’ असं अजूनही कोणीतरी विचारतंच. मित्रांनो, हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला वेगळा झाला. आपल्यातल्या बहुतेकांचा जन्मसुद्धा त्यानंतरचा आहे.) गाव मोठं आहे. हळद, केळी, ऊस ही पिकं. बाजार आहे, पोलीस ठाणं आहे. आणि जुलै २०२२ मध्ये टीव्हीवर आलं होतं, पुरामुळे.

त्या वर्षी सीईटी ऑगस्टमध्ये होती. मी केमिस्ट्री घेऊन बसलेलो, आणि रात्रभर पाऊस. नदीचं पाणी गावात शिरलं. आमच्या घरात गुडघाभर. आजीला बाजेवर बसवून बाज चार विटांवर चढवली, हळदीची पोती जमली तेवढी माळवदावर नेली. राहिलेली भिजली. माझी अकरावीची पुस्तकं फुगून दुप्पट झाली, ती आजी अजून चूल पेटवायला वापरते.

आता हायड्रॉलॉजी शिकल्यावर मला कळतं की नदीच पात्राबाहेर आली तर दीड फुटाच्या नालीने काही होत नसतं. तो विषय वेगळा, खूप मोठा, आणि माझ्या आवाक्याबाहेरचा. पण पूर एका दिवसात ओसरला आणि आमच्या गल्लीतलं पाणी आठवडाभर तसंच उभं राहिलं. गल्लीला नालीच नव्हती. शेजारच्या काकू बाबांना म्हणाल्या, ‘‘भाऊ, ग्रामसभेत मांडा की.’’ बाबा म्हणाले, ‘‘मांडतो. पण नाली कागदावरून यायला पावसापेक्षा जास्त येळ लागतो, वैनी.’’

आमचे बाबा दहावी शिकलेले शेतकरी आहेत, पण ग्रामसभा चुकवत नाहीत. कायद्याने वर्षात किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जो आकडा कमी असेल तो. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब, आणि गंमत अशी की तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही! म्हणजे शंभर जण आले नाहीत म्हणून बंद पडलेली सभा नंतर वीस जणांत रीतसर होऊ शकते. बाबा म्हणतात, खरी सभा तीच.

सभेची विषयपत्रिका कधी वाचली आहे का तुम्ही? विषय क्र. १, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. पुढे जमाखर्चास मंजुरी देणे. मग ब्लिचिंग पावडर खरेदी, पथदिव्यांचे बल्ब, नळ योजनेच्या मोटारीची दुरुस्ती, विजेचं बिल, आठवडी बाजाराचा लिलाव. आणि सर्वात शेवटी ‘ऐनवेळचे विषय अध्यक्षांच्या परवानगीने’. तोपर्यंत अर्धे लोक उठून गेलेले असतात. बाबा मात्र तिथेच कान टवकारतात.

मी सहज इंटरनेटवर शोधलं, तर अमेरिकेतल्या काउंटी बोर्डांचंही आपल्यासारखंच! तिथे ‘कन्सेंट अजेंडा’ म्हणून एक प्रकार असतो. रोजचे म्हणून समजले जाणारे ठराव, झाडलोटीचा करार, गाड्यांची दुरुस्ती, रस्त्याचं डांबर, सगळं एका यादीत घालतात आणि एकाच मताने मंजूर करतात. कोणी हात वर करून ‘हा विषय बाजूला काढा’ म्हटलं तरच त्यावर चर्चा. हात वर करणारा कोणीतरी असायला हवा एवढंच. तिथेही आणि इथेही.

आता नालीचा प्रवास सांगतो. इतर ब्रँचवाल्यांनी कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद सोडावा, व्हायव्हाला विचारणार नाहीत.

आधी गावाच्या विकास आराखड्यात काम यावं लागतं. मग पैसा कोणत्या खात्यातून? पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ च्या निधीत ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच, आणि ४० टक्के अबंधित. आपल्या राज्यात त्यातले ८० टक्के ग्रामपंचायतीला, आणि पंचायत समिती व जिल्हा परिषदेला प्रत्येकी १० टक्के. मग नाली बंधितमध्ये बसवायची की अबंधितमध्ये, यावर एक चर्चा. मग जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागाचा इंजिनीअर येऊन टेप लावतो आणि अंदाजपत्रक करतो. तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता. काम छोटं असेल तर दरपत्रकं मागवतात, मोठं असेल तर ई-निविदा. ही ई-निविदेची मर्यादा २०१४ मध्ये तीन लाखांवर आणली तेव्हा दोन लाख नव्याण्णव हजारांच्या कामांना फार बरे दिवस आले म्हणे! (नंतर मर्यादा बदलली.) मग कार्यारंभ आदेश, म्हणजे वर्क ऑर्डर. मग काम. मग एम.बी., म्हणजे मोजमाप पुस्तक. मग बिल. बिलातून एक टक्का कामगार उपकर कापतात, अडीच लाखांवरचं कंत्राट असेल तर दोन टक्के जीएसटीचा टीडीएस, सुरक्षा अनामत वेगळी. आणि शेवटी सरपंच व ग्रामसेवकाच्या डिजिटल सहीने पैसे ऑनलाइन. (ग्रामसेवकाचं पदनाम २०२४ मध्ये ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालं. गावात त्यांना अजून ‘ग्रामशेवकच’ म्हणतात.)

या सगळ्या कागदांत एकच पुस्तक असं आहे की ज्यात कागद प्रत्यक्ष काँक्रीटला शिकतो... आय मीन, टेकतो. (रूममेटने टाइप केलंय, सांभाळून घ्या.) ते म्हणजे एम.बी. ते कोण लिहितं? इंजिनीअर. आपल्यातलाच कोणीतरी. चार वर्षांपूर्वी तोही सबमिशनच्या आदल्या रात्री फाइल कॉपी करत बसला असेल.

एम.बी.चं महत्त्व मला मामाच्या गावात समजलं. गावाचं नाव सांगत नाही. तिथे नवी नाली झाली, नव्वद मीटर. फलक लागला, फोटो निघाले. पहिल्याच पावसात पाणी उलट वाहून मामाच्या दारात. मामा मला फोनवर म्हणाला, ‘‘भाच्या, तुझ्या पुस्तकात पाणी चढावर जातंय का रे?’’ सुट्टीत गेलो तेव्हा मामाकडच्या मिस्त्रीचा लेव्हल पाइप घेतला. पारदर्शक नळी, आत पाणी, दोन टोकांना दोन माणसं. आपल्या लॅबमधलं ऑटो लेव्हल परवडत नाही म्हणून रडण्यात अर्थ नाही, दीड-दोनशे रुपयांची नळी तेच काम करते. दहा-दहा मीटरवर मापं घेतली. दोनशेला एक उतार धरला तर नव्वद मीटरला ४५ सेंटिमीटर खाली जायला पाहिजे होतं. नालीचं तोंड सुरुवातीपेक्षा तीन बोटं वर होतं!

मला वाटलं, सिमेंट खाल्लं असणार. तसं नव्हतं. हातोडी मारून पाहिली, काँक्रीट चांगलं होतं. लांबी नव्वद भरली, रुंदी भरली, जाडी भरली. म्हणजे एम.बी.त जे लिहिलं असेल ते सगळं खरं! फक्त एम.बी.त उताराचा रकानाच नसतो. अशा छोट्या कामाच्या अंदाजपत्रकात खोदकाम घनमीटरमध्ये, काँक्रीट घनमीटरमध्ये, प्लास्टर चौरस मीटरमध्ये. पाणी गेलं पाहिजे, ही गोष्ट कुठल्याच एककात बसत नाही. गुत्तेदाराने जेवढं मोजलं जाणार तेवढं बांधलं. (पश्चिम महाराष्ट्रातले मित्र ‘ठेकेदार’ म्हणतात, आम्ही मराठवाड्यातले ‘गुत्तेदार’. माणूस तोच.)

हे मी आमच्या सरांना सांगितलं. सर म्हणाले, ‘‘एल सेक्शन काढायला कोणी सांगितलं नसेल, आणि न सांगता काढायला कोणाला वेळ नाही.’’ एका उपविभागातल्या इंजिनीअरकडे कितीतरी गावं असतात, हेही खरंच आहे. एकट्याला झोडपण्यात मजा नाही.

आता माझ्या पोटातला विषय. बऱ्याच जणांना माहीत नसेल, पण आपल्या राज्यात या छोट्या सरकारी कामांचं वाटप ठरलेलं आहे. ३३ टक्के सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, ३३ टक्के मजूर सहकारी संस्थांना, आणि ३४ टक्के खुल्या गुत्तेदारांना. डिग्री किंवा डिप्लोमा झाला की सार्वजनिक बांधकाम विभागात नोंदणी करायची, मग काम वाटप समिती चिठ्ठ्या टाकून कामं देते. कल्पना किती चांगली आहे बघा! प्लेसमेंटला सिव्हिलकडे कोणी फिरकत नाही, तर आपल्यासाठी तिसरा हिस्सा कामं राखून ठेवली आहेत.

दिवाळीत मामा घरी आला. तोच, उलट्या नालीवाला. जेवणं झाल्यावर बाबांना म्हणाला, ‘‘भाऊजी, पोराची डिग्री झाली की लगेच नोंदणी करून टाका. माझ्या वळखीचे एक गुत्तेदार हायत. काम ह्याच्या नावावर निघंल, करतील ते. शेकडा पाच ह्याला. घरबसल्या.’’

दहा लाखांच्या कामाला पन्नास हजार. घरात सगळे गप्प झाले. पन्नास हजार म्हणजे काय हे आमच्या घरात मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. हळदीचे भाव पडले त्या वर्षी बाबांनी माझी फी भरायला काय विकलं ते मला माहीत आहे. बहीण यंदा बारावीला आहे. मामाही वाईट माणूस नाही, भाच्याचं भलं बघत होता. मी म्हणालो, ‘‘मामा, तुझ्या दारातली नालीपण अशीच कोणाच्या तरी नावावर निघाली नसेल कशावरून?’’ मामा हसला आणि सुपारी कातरत बसला. म्हणाला, ‘‘असंल. पण त्या पोराचं घर तर चाललं.’’

यावर मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, आणि आजही सुचलेलं नाही.

हॉस्टेलवर परत आल्यावर पास आऊट झालेल्या एका सीनियरला फोन लावला. त्याने एक वर्ष हेच केलं होतं. तो म्हणाला, ‘‘करारनाम्यावर सही माझी, बँक खातं माझं, पासबुक त्यांच्याकडे. रस्ता दोष दायित्व कालावधीत उखडला, नोटीस माझ्या नावाने आली. गुत्तेदार फोन उचलत नव्हता. मी तो रस्ता पहिल्यांदा पाहिला तो नोटीस घेऊन.’’ शेवटी घरच्यांनी पैसे घालून दुरुस्ती केली. आता तो पुण्यात साइटवर नोकरी करतो. म्हणतो, ‘‘नोंदणी कर, पण काम स्वतः कर. भांडवल नसेल तर दोन लाखाचं घे.’’ आता दोन लाखांचं काम घ्यायलाही आधी माल उधार मिळावा लागतो, मजुरांना आठवड्याला पगार द्यावा लागतो, आणि बिल कधी निघेल ते बिलालाच माहीत. नव्या पोराला सिमेंटवाला उधार देत नाही, जुन्या गुत्तेदाराला देतो. म्हणून पोरं नावं देतात. हा हिशोब कोणत्याही ‘एस्टिमेटिंग अँड कॉस्टिंग’च्या पुस्तकात नाही.

मार्च २०२२ मध्ये आमच्या जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि प्रशासक आले. पुढे वर्षानुवर्षं निवडणूक लांबत गेली. माझं बारावी ते फायनल इयर एवढ्या काळात, ज्यांना जाऊन विचारावं असा जिल्हा परिषद सदस्यच नव्हता. बाबा म्हणतात, सदस्य असताना तरी काय मोठं विचारत होतो, पण निदान लग्नात भेटला की धरता यायचं.

आमच्या गल्लीची नाली आता आराखड्यात आली आहे. डिसेंबरमध्ये गावी गेलो तेव्हा बाबांसोबत ग्रामपंचायतीत गेलो, अंदाजपत्रक पाहायला मागितलं. दाखवलं. माहिती अधिकाराचं नाव काढावं लागलं नाही, चहासुद्धा मिळाला. ७० मीटर, रुंदी, खोली, घनमीटर, सगळं बरोबर. उताराचं काही नाही, जसं कुठेच नसतं.

मग दुसऱ्या दिवशी सकाळी लेव्हल पाइप काढला. एक टोक बाबांकडे, एक माझ्याकडे, आणि आजी बाजेवरून सूचना देणार, ‘‘आरं तिकडं नगं, पाणी इकडून येतंय.’’ आजीचं बरोबर निघालं. ज्या बाजूला नाली सोडायची ठरली होती तिकडे जमीन चढती आहे. दुसऱ्या बाजूने नेली तर ३५ सेंटिमीटर उतार मिळतो, पण मग ती शेजारच्या काकूंच्या ओट्याखालून जाते, आणि ओटा एक फूट तोडावा लागतो. काकूंना अजून सांगितलेलं नाही. बाबा म्हणतात तू सांग, तू इंजिनेर हाईस.

मी आठ ठिकाणची मापं आणि एक एल सेक्शन आलेखाच्या कागदावर काढून अर्जासोबत जोडला. विषय : प्रस्तावित नालीच्या उताराबाबत. पोहोच घेतली, शिक्क्यासकट. ती माझ्या फाइलमध्ये आहे, कन्सल्टन्सीच्या इंटर्नशिप सर्टिफिकेटच्या मागे. नोंदणीच्या कागदांची यादीही तिथेच आहे. मामाचा दर पंधरा दिवसांनी फोन येतो. पुढच्या ग्रामसभेत अर्ज वाचला जाईल असं सांगितलंय, बहुतेक ऐनवेळच्या विषयांत. बाबा शेवटपर्यंत बसणार आहेत. माझी त्याच आठवड्यात प्रोजेक्टची दुसरी सेमिनार आहे, त्यामुळे काकूंशी ओट्याचं बोलणं फोनवरच करावं लागणार असं दिसतंय.