धूमकेतूला कुणाची खुर्ची दिसत नाही

१५ ऑक्टोबर २०२४, मंगळवार. दुपारी विधानसभेच्या निवडणुकीच्या तारखा जाहीर झाल्या आणि संध्याकाळपर्यंत आमच्या भवानी पेठेत धूमकेतूचा अर्थही ठरून गेला. चहाच्या टपरीवर एकजण म्हणाला, “शेंडेनक्षत्र उगवलंय, कुणाची तरी खुर्ची जाणार.” दुसरा लगेच म्हणाला, “निवडणूक आहे म्हटल्यावर कुणाची तरी जाणारच की!”

हसण्यावारी गेलं, पण घरी अम्मी हसली नाही. गच्चीवर कॅमेरा घेऊन निघालो तर म्हणाली, “झाडू का तारा नक्को देखो रे.”

या भीतीला साठ वर्षांचा इतिहास आहे. १९६५ च्या ऑक्टोबरअखेरीस पहाटे पूर्वेला इकेया-सेकी नावाचा मोठा धूमकेतू दिसत होता. दोन हौशी जपानी निरीक्षकांनी तो शोधला होता, त्यातला इकेया पियानोच्या कारखान्यात काम करणारा. इकडे पाकिस्तानशी झालेलं युद्ध थांबून महिनाच झाला होता. अम्मी तेव्हा नऊ वर्षांची. मोहल्ल्यातली माणसं पहाटे उठून तो बघायची आणि पुढे काय वाढून ठेवलंय म्हणून हळू आवाजात बोलायची. अम्मीच्या दादीने तिला बाहेर आणलं खरं, पण डोळ्यांवर पदर धरला. म्हणजे अम्मीने भीती पाहिली, धूमकेतू पाहिलाच नाही.

आकाशातल्या गोष्टीला आपल्याबद्दल काही बोलायला लावायची सवय फार जुनी आहे, आणि ती शिकलेल्यांनाही सुटत नाही. १५७७ चा धूमकेतू साऱ्या जगाने पाहिला. अबुल फजलने अकबरनाम्यात त्याची नोंद केली. इस्तंबूलमध्ये तकीउद्दीन या मोठ्या खगोलज्ञाने सुलतानाला सांगितलं की हा शुभशकुन आहे, इराणवरच्या मोहिमेत यश येईल. त्याच धूमकेतूचं डेन्मार्कमध्ये टायको ब्राहेने मोजमाप केलं आणि दाखवून दिलं की तो चंद्रापेक्षाही दूर आहे, म्हणजे आपल्या हवेतला धूर नव्हे. तकीउद्दीनची वेधशाळा १५८० मध्ये सुलतानाच्याच हुकमाने पाडली गेली. विद्येत तो कमी नव्हता. पण दरबाराला मोजमाप नको होतं, भविष्य हवं होतं.

म्हणून मला धूमकेतूचा फोटो काढणं महत्त्वाचं वाटतं. कॅमेरा शकुन सांगत नाही. तो फक्त सांगतो, अमुक दिवशी, अमुक वेळी, इथून एवढं दिसलं.

या धूमकेतूचं नाव त्सुचिनशान-अ‍ॅटलस. चीनमधली वेधशाळा आणि दक्षिण आफ्रिकेतली अ‍ॅटलस दुर्बीण यांनी २०२३ च्या सुरुवातीला तो टिपला. २७ सप्टेंबर २०२४ ला तो सूर्याजवळून वळला आणि १२ ऑक्टोबरला, नेमका दसऱ्याला, आपल्यापासून सुमारे ७ कोटी किलोमीटरवर आला. सूर्याच्या उष्णतेने बर्फाची वाफ होते, तिच्याबरोबर धूळ उडते आणि सूर्याच्या उलट दिशेला शेपटी पसरते. झाडूतारा तो एवढाच.

पेठेतून तो टिपायला मोठी दुर्बीण लागली नाही. जुना डीएसएलआर आणि ५० मिलिमीटरची लेन्स होती. तिपाई नाही, म्हणून पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर ज्वारीची पिशवी ठेवली आणि तिच्यात कॅमेरा रोवला. पश्चिमेला शुक्र ठळक दिसत होता, त्याच्यावर फोकस नक्की केला. शुक्र आणि उजवीकडची स्वाती यांच्या साधारण मधोमध नेम धरला. आयएसओ ८००, उघडझाप ४ सेकंदांची. त्याहून फार जास्त ठेवली तर पृथ्वी फिरत असल्यामुळे ताऱ्यांच्या रेघा होतात. बटण दाबताना कॅमेरा हलू नये म्हणून २ सेकंदांचा टायमर. धूमकेतूचा पहिला फोटो १८५८ साली इंग्लंडमधल्या अशरवूड नावाच्या व्यावसायिक छायाचित्रकाराने काढला, तोही माणसांचे फोटो काढायच्या भिंगाने, ७ सेकंदांत. तेव्हा आपल्या साधनांची लाज वाटायचं कारण नाही.

अडचण होती उजेडाची. पूर्वेला कोजागरीच्या आदल्या दिवसाचा चंद्र, खाली रस्त्यावरचे दिवे आणि शेजारच्या गच्चीवरचा हॅलोजन. शेजारच्या काकू दुसऱ्या दिवशी चालत तुळजापूरला निघणार होत्या, त्यांची पिशव्या भरायची गडबड चालली होती. मी हाक मारून विचारलं, “काकू, दहा मिनिटं दिवा बंद करता का?” त्यांनी केला आणि स्वतःच कठड्याशी आल्या. “काय दिसतंय रे?” मग जिन्याकडे बघून, “भाभी, तुम्ही पण या की वर!”

काकूंची हाक अम्मीला मोडवेना. ती आली.

सातला पाच मिनिटं कमी असताना पडद्यावर फोटो उमटला. निळसर काळ्या आकाशात एक टपोरा ठिपका आणि वर तिरकी गेलेली फिकट शेपटी. अम्मीने चष्मा सारखा केला आणि बराच वेळ बघितलं. मग पडद्यावरून नजर काढून पश्चिमेला, मी बोट दाखवलं तिकडे. नुसत्या डोळ्यांना तो जेमतेम दिसत होता, पुसट खडूच्या रेघेसारखा. फोटो बघितल्यामुळेच तो सापडला.

“इतकाच?” ती म्हणाली. “याला दादी घाबरायची?”

फोटोचा मला झालेला सगळ्यात मोठा उपयोग हाच. लोकांना दाखवायला इंटरनेटवर माझ्यापेक्षा शंभरपट सुंदर फोटो आहेत. पण ते दुसऱ्यांच्या आकाशातले. आपल्या गच्चीवरून, शेजारणीच्या दिव्याआडून काढलेला धूसर फोटो माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी वर बघायला लावतो, आणि वर बघितलं की भीतीला फारशी जागा उरत नाही.

त्यानंतर तो रोज थोडा वर सरकत आणि फिका होत गेला. त्याची कक्षा इतकी लांबट आहे की तो पुन्हा येईलच असं ठामपणे सांगता येत नाही. नोव्हेंबरात निवडणूक झाली, काहींच्या खुर्च्या गेल्या, काहींना मिळाल्या. धूमकेतूचा त्यात काही हात नव्हता. मतं आपणच दिली होती.