रात्रीचा डोस आणि चौविहार

राहुरीच्या आमच्या घरात सहा वर्षांचा नातू सेरेब्रल पाल्सीसह वाढतो आहे. या विकारात वाढत्या मेंदूला झालेली इजा पुढे पसरत नाही; परंतु तेथून विद्युत्-लहरी अवेळी उसळू शकतात. त्यामुळे अशा मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश वा त्याहून अधिक मुलांना अपस्मार जडतो. झटक्यात हातपाय झाडले जातातच असे नाही. क्षणभर शून्यात खिळलेली नजर हाही झटका असू शकतो. ईईजीचा आलेख बिघडलेला दिसला म्हणजे अपस्मार आहेच असे नव्हे, आणि निर्दोष निघाला म्हणजे नाहीच असेही नव्हे.

औषधाची वेळ चुकली, झोप मोडली, ताप चढला की धोका वाढतो. घरात चौविहाराचा नियम. मग रात्री नऊचा डोस द्यावा कसा, ही त्याच्या आजीची चिंता. महासतीजींनी समजावले, "पच्चक्खाणातच आगार आहेत. व्याधिग्रस्ताच्या समाधीसाठी औषधाची मोकळीक शास्त्रकारांनीच ठेवली आहे." त्या दिवसापासून आजीच स्वहस्ते डोस देते.

झटका आल्यास मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा वा पाणी घालू नये, चप्पल हुंगवू नये. पाच मिनिटांत न थांबल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. औषध स्वतःहून बंद करू नये.

भावंडांच्या सोयरिकीत अडथळा येईल, या भयाने आपल्या व्यापारी घरांतून हे दुखणे झाकले जाते. झाकलेल्या दुखण्यावर उपचार होत नाहीत. आणि जीवदयेचा पहिला अधिकार घरातल्या लेकराचाच आहे.