पुणे, पेण आणि पुण्य

सर्चच्या चौकटीत ‘पुण्याला’ एवढा एकच शब्द टाकला, तर संगणकाने काय काढून द्यावं? पुण्याला जाणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक, की पापाला भिऊन पुण्याला लागलेल्या माणसांच्या कथा? मराठी वाचणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही, कारण त्याच्यापुढे शब्द असा एकटा येतच नाही. माझ्यापुढे मात्र दिवसभर एकटेच शब्द येतात. जुनी मराठी मासिकं, पुस्तकं, अहवाल स्कॅन करून त्यांतला हवा तो मजकूर वाचकाला शोधून देणारी यंत्रणा उभी करणं आणि ती सुधारत राहणं हे माझं काम. लोकांना वाटतं, यात सगळं गणित असणार. असतंच. पण गणिताच्या आधी एक निर्णय असतो आणि तो बहुतेक ठिकाणी कुणी घेतल्याचं कुणाला आठवतही नाही. तो म्हणजे, कोणते फरक विसरायचे?

मूळ यंत्रणा अगदी साधी आहे. जाड ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते, ‘पाणी’ या शब्दापुढे पानांचे क्रमांक. तशीच सूची आम्ही सगळ्या मजकुरातल्या सगळ्या शब्दांची करतो. तुम्ही दोन शब्द दिलेत की दोन याद्या घ्यायच्या आणि दोन्हींत सापडणारी पानं उचलायची. लाखो पानं असली तरी हे डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. अडचण वेगाची नाहीच. अडचण अशी की संगणकाच्या लेखी शब्द म्हणजे चिन्हांची एक ओळ, आणि ओळीत एक चिन्ह वेगळं असलं की शब्द वेगळा. ‘पाणी’ शोधणाऱ्याला ‘पाण्यात’, ‘पाण्याने’, ‘पाण्यासाठी’, ‘पाण्याखालच्या’ असलेली पानं मिळणारच नाहीत. इंग्रजीत ‘इन’ किंवा ‘फॉर’ वेगळा लिहितात, मूळ शब्दाला धक्का लागत नाही. आपल्याकडे प्रत्यय लागण्याआधीच शब्द कपडे बदलतो. शाळेत सामान्यरूपाने ज्यांना छळलं त्यांना सांगते, माझा पगार त्याच सामान्यरूपावर निघतो.

उपाय उघड आहे: शेपूट कापा. शब्दाचा प्रत्यय आणि सामान्यरूपाचा बदल काढून टाकणाऱ्या प्रोग्रामला आम्ही स्टेमर म्हणतो. मराठीसाठी असे स्टेमर कितपत उपयोगी पडतात हे ल्यिल्याना डोलामिच आणि जाक साव्हॉय या दोघांनी नीट मोजलं. ते स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल विद्यापीठातले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, शेपूट निर्दयपणे कापणारा स्टेमर लावल्यावर मराठीतला शोध काहीच न कापण्याच्या तुलनेत सुमारे ४२ टक्क्यांनी सुधारला. हिंदीत हा आकडा २८ च्या आसपास होता, बंगालीत १८ च्या. मराठीचा आकडा सगळ्यांत मोठा असावा यात मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते पुढच्या निष्कर्षाचं. व्याकरण वगैरे काही न पाहता प्रत्येक शब्दाची फक्त पहिली चार चिन्हं ठेवली आणि बाकीचा शब्द फेकून दिला, तरी निकाल जवळपास तितकाच चांगला येत होता!

हे कसं शक्य आहे ते एका शब्दावर पाहा. ‘शेतकरी’ हा शब्द संगणक श, े, त, क, र, ी असा साठवतो. मात्रा हेही एक चिन्हच. पहिली चार ठेवली की उरतं ‘शेतक’. ‘शेतकऱ्यांनी’, ‘शेतकऱ्यांसाठी’, ‘शेतकरीण’ या सगळ्यांचंही ‘शेतक’च होतं, म्हणजे काम फत्ते. वर ‘शेतकी’ आणि ‘शेतकामगार’ही त्याच खात्यात येऊन पडतात, शेतीवरचं काही शोधणाऱ्याची त्याला हरकत नसते. पण हीच कात्री ‘पाणी’वर चालवा. प, ा, ण, ी ही चार चिन्हं, म्हणजे पूर्ण शब्द. आणि ‘पाण्यात’ची पहिली चार? प, ा, ण आणि हलन्ताचं चिन्ह. दोघांची गाठ पडतच नाही. आखूड शब्दांना ही युक्ती मारक, लांबांना तारक. मराठीतले रोजचे शब्द आखूड असतात आणि बातम्यांतले लांब. तो अभ्यास बातम्यांवर झाला होता, हे लक्षात ठेवायला हवं.

म्हणून आम्ही व्याकरणाकडे परत येतो आणि तिथे पुण्य आडवं येतं. ‘पुणे’चं सामान्यरूप ‘पुण्या’, ‘पुण्य’चंही ‘पुण्या’. ‘पुण्याचं काम’ हे महापालिकेचंही असेल आणि अन्नछत्राचंही. ‘ठाण्यात’ गुन्हा नोंदला गेला की माणूस ठाणे शहरात राहायला गेला? ‘माळ्यावर’ ठेवलेली ट्रंक आणि ‘माळ्यावर’ ओरडणारा मालक, एकाचा माळा, दुसऱ्याचा माळी. शेपूट कापून मागे जायचं तर वाटेला दोन फाटे फुटतात. आम्ही दोन्ही वाटांनी जातो: ‘पुण्याला’ हा शब्द ‘पुणे’खालीही नोंदतो आणि ‘पुण्य’खालीही. मग पुणे शोधणाऱ्याला थोडं पुण्यही पदरात पडतं. पान अजिबात न सापडण्यापेक्षा चार नको ती पानं दिसलेली परवडतात, निदान जुन्या मासिकांच्या वाचकाला तरी. वकिलाच्या किंवा डॉक्टरच्या कामासाठी यंत्रणा केली असती तर मी वेगळा निर्णय घेतला असता.

ऱ्हस्व-दीर्घाचं तेच. ‘पूल’चं ‘पुलावर’ होतं, ‘फूल’चं ‘फुलात’. कापून उरलेला ‘पुल’ आणि मूळचा ‘पूल’ एकत्र आणायचे तर उकाराचा फरक विसरावा लागतो. शिवाय टाइप करणारा माणूस शुद्धलेखनाच्या परीक्षेला बसलेला नसतो. तेव्हा आम्ही सूचीत सगळे इकार-उकार एकाच लांबीचे करून टाकतो. परिणामी दिन आणि दीन, सुत आणि सूत, शिर आणि शीर यांच्यातली भिंत पडते. व्याकरणाचे जाणकार हे ऐकून कळवळतात. पण मी मजकूर बदलत नाही हो, फक्त सूची बदलते. पानावर जसं छापलंय तसंच दिसतं.

खरी मौज अनुस्वारात आहे. ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली काढलेला अंक मराठीतला पहिला दिवाळी अंक मानला जातो. त्या काळच्या मजकुरात ‘केलें’, ‘नाहीं’, ‘त्यांचें’, ‘गांव’, ‘नांव’ अशी टिंबांची पखरण असते. १९६२ च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले आणि ‘केले’ आलं. आता मी लिहितेय तसं ‘केलं’ही चालतं, म्हणजे दारातून घालवलेलं टिंब खिडकीतून परत आलं. एकाच क्रियापदाची तीन रूपं एकाच संग्रहात. शब्दाच्या शेवटचं टिंब आम्ही बिनधास्त पुसतो. ‘तें’ आणि ‘ते’ यांतला फरक व्याकरणाला महत्त्वाचा, शोधणाऱ्याला नाही. मधलं टिंब मात्र सरसकट पुसता येत नाही. ‘गांव’चं ‘गाव’ करणारा नियम ‘रांग’चा ‘राग’ करतो, ‘भांग’चा ‘भाग’ आणि ‘सांग’चा ‘साग’. तिथे नियम नाही, यादी आहे. जुने कोश समोर ठेवून हाताने केलेली, अजून वाढत असलेली.

याहून वाईट म्हणजे जो फरक डोळ्यांना दिसतच नाही तो. ‘शेतकऱ्यांनी’मधला तो खास मराठी अर्धा र संगणकात दोन पद्धतींनी लिहिता येतो: खालच्या टिंबाचा ऱ घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. ‘ॲ’चीही तीच कथा. त्यासाठी स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीचा बराच मजकूर ‘अ’वर चंद्र ठेवून लिहिलेला आहे आणि युनिकोडचे सर्वसाधारण नियम या दोघांना एक मानत नाहीत. ‘बँकेचं ॲप’ शोधलं आणि सापडलं नाही, अशी तक्रार आली की मी आधी कीबोर्ड कुठला हे विचारते.

एवढं झाल्यावर क्रमवारीचा प्रश्न येतो, आणि गंमत म्हणजे तो बराचसा सुटलेला आहे. १९७२ साली केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी मांडलं की जो शब्द जितक्या कमी मजकुरांत सापडतो तितकं त्याचं वजन जास्त धरावं. एक लाख पानांपैकी शंभरच पानांत असलेल्या शब्दाला लॉगरिदमने ३ गुण मिळतात. नव्वद हजार पानांत असलेल्या ‘आणि’ला ०.०५ सुद्धा नाही. पुढे स्टीफन रॉबर्टसन आणि लंडनच्या सिटी विद्यापीठातल्या सहकाऱ्यांनी १९९४ च्या सुमारास बीएम-२५ हे सूत्र पक्कं केलं. त्याची मला आवडणारी बाजू म्हणजे ते पुनरुक्तीला भुलत नाही. नेहमीच्या मांडणीत, सरासरी लांबीच्या पानावर शब्द एकदा आला तर १ गुण, दोनदा आला तर १.३८, दहादा आला तर १.९६ आणि हजारदा आला तरी २.२ च्या आतच. नेत्यांच्या भाषणांनाही हे सूत्र लावायला हरकत नाही. गूगलच्या पेजरँकबद्दल इथे लिहीत नाही; शंभर वर्षांपूर्वीच्या मासिकातल्या लेखाला कुणी लिंक देत नसतं.

सुधारणा झाली हे ठरवायचं कसं? डेमो पाहून तर अजिबात नाही. डेमोत प्रत्येक यंत्रणा हुशार असते. मोजायची रीत घालून दिली ती सिरिल क्लेव्हर्डन या ग्रंथपालाने, इंग्लंडमधल्या क्रॅनफील्डच्या वैमानिकी महाविद्यालयात, १९६० च्या दशकात. वायुगतिकीवरचे १४०० लेख घ्यायचे, खऱ्या संशोधकांचे प्रश्न घ्यायचे, कोणत्या प्रश्नाला कोणते लेख कामाचे हे माणसांकडून आधीच ठरवून घ्यायचं आणि मग प्रत्येक पद्धत त्या कसाला लावायची. क्लेव्हर्डननी तेहतीस प्रकारच्या सूची तपासल्या. तज्ज्ञांनी मेहनतीने बेतलेल्या विषयसूच्या मागे पडल्या आणि सगळ्यांत वर आला तो मजकुरातले सुटे शब्द घेऊन त्यांची रूपं तेवढी एकत्र करणारा प्रकार. ग्रंथालयशास्त्राला तो निकाल पचवायला जड गेला. आपल्याकडे ‘फायर’ या उपक्रमाने २००८ पासून भारतीय भाषांसाठी हीच रीत आणली. त्यातल्या मराठी संग्रहात ‘महाराष्ट्र टाइम्स’ आणि ‘सकाळ’मधल्या सुमारे एक लाख बातम्या आहेत. ते ४२ टक्के मोजले गेले ते याच संग्रहावर.

आता सगळे विचारतात, एवढी कापाकापी कशाला, एआय आहे ना? आहे. शब्दाऐवजी अर्थाचे आकडे करायचे, पानाचेही आणि प्रश्नाचेही, आणि जवळचे आकडे शोधायचे. ‘दुष्काळ’ विचारलं तर ‘पाऊस न झाल्याने’ असलेलं पान सापडतं, हे कोणत्याही स्टेमरच्या बापाला जमलं नसतं. पुण्य आणि पुणेही शेजारच्या शब्दांवरून वेगळे होतात. पण विसरण्याचा निर्णय इथेही असतो, फक्त तो दुसऱ्याच कुणीतरी घेतलेला असतो. गूगलच्या संशोधकांनी २०१८ मध्ये बर्ट हे मॉडेल आणलं. त्याच्या बहुभाषिक रूपाच्या ‘अनकेस्ड’ आवृत्तीत शब्द वाचण्याआधी अक्षरांवरचे स्वरचिन्हांचे ठिपके-रेघा गाळून टाकल्या जात. फ्रेंचसाठी ते ठीक. पण युनिकोडच्या वर्गवारीत आपला उकार, एकार, अनुस्वार आणि हलन्तही त्याच वर्गात बसतात. काना आणि वेलांटी बसत नाहीत. त्यामुळे ‘पुणे’चं झालं ‘पण’. ‘पेण’चंही ‘पण’. आणि ‘पण’चं अर्थातच ‘पण’. मॉडेल करणाऱ्यांनीच पुढे दुसरी आवृत्ती वापरण्याचा सल्ला दिला, तरी ‘अनकेस्ड’ आवृत्तीच मराठीसाठी बिनदिक्कत लावलेली मी पाहिली आहे आणि लावणाऱ्यांचे आलेखही रंगीत होते. २०२२ मध्ये पुण्यातल्या ‘एल थ्री क्यूब’ गटाने मराठी मजकुरावर शिकवलेलं महाबर्ट खुलं केलं, तेव्हापासून निदान मराठीचं वेगळं मॉडेलच नाही हा बहाणा उरलेला नाही.

तरी मी जुनी सूची मोडीत काढलेली नाही. २०२१ साली ‘बायर’ नावाच्या चाचणीत अठरा वेगवेगळ्या संग्रहांवर नवी मॉडेलं तपासली, तेव्हा ज्या विषयावर ती शिकलेली नव्हती तिथे त्यांतली बरीचशी बीएम-२५ च्या मागेच राहिली. विशेषनामं, गावांची नावं, जुने कायदे, दुर्मीळ शब्द यांत अर्थाचे आकडे डगमगतात. आम्ही दोन्हींकडून याद्या घेतो आणि प्रत्येक पानाला दोन्ही याद्यांतल्या क्रमांकावरून गुण देतो: क्रमांकात साठ मिळवायचे आणि एकाला त्या बेरजेने भागायचं. मग दोन्ही याद्यांतल्या गुणांची बेरीज करायची, संपलं. २००९ सालचं हे सूत्र इतकं बाळबोध आहे की मीटिंगमध्ये सांगायला संकोच वाटतो, आणि त्याला हरवायला जाणारे बहुतेक जण चार आठवड्यांनी त्याच्यावरच येऊन थांबतात.

अलीकडे मागणी आहे ती पानं नकोत, थेट उत्तर द्या अशी. तेही करतो: आधी पानं शोधायची, मग ती भाषिक मॉडेलपुढे ठेवून त्यांवरून उत्तर लिहून घ्यायचं. यात शोध चुकला तर पूर्वीसारखं ढळढळीत दिसत नाही. आधी नको ते पान वाचकाच्या डोळ्यांनीच बाजूला पडायचं. आता त्याच पानावरून सुबक, शुद्ध मराठीत चार वाक्यं तयार होतात. ‘पुण्याची परंपरा काय?’ या प्रश्नाला पेठांच्या मध्येच दानधर्माचा परिच्छेद आला तर तो बिनसांध्याचा वाटतो. म्हणून आमच्याकडे प्रत्येक वाक्यासमोर ज्या पानावरून ते आलं त्या पानाचं छायाचित्र असतं, जुन्या टिंबांसकट, आणि ते झाकण्याची सोय मी दिलेली नाही. रचनाकारांना ते पडद्यावर गिचमिड वाटतं. त्यांच्याशी माझं भांडण अजून चालू आहे.