द्वारका ते करोल बाग : मेट्रोतला इतिहासाचा तास

द्वारका म्हटले की मराठी माणसाला सौराष्ट्रातील श्रीकृष्णाची नगरी आठवते. दिल्लीची द्वारका मात्र अगदी अलीकडची. पालम, बगडोला, पोचनपूर, ककरोला अशा गावांच्या शेतजमिनींवर दिल्ली विकास प्राधिकरणाने ती वसवली. आधी तिचे नाव पप्पनकलां होते. सेक्टर १२ मधली लोहारहेडी गावची लोदीकालीन पायविहीर सोडली, तर जुने असे येथे फारसे दिसत नाही. सोसायट्यांमध्ये पंजाबी, बंगाली, मल्याळी, बिहारी, मराठी कुटुंबे शेजारी-शेजारी राहतात. बाजारात आफ्रिकेतून आलेले तरुणही भेटतात.

अशा वस्तीत मुलांच्या तोंडी कधी ना कधी 'ते बाहेरचे' हे शब्द येतातच. त्यावर रागावण्यापेक्षा एखाद्या रविवारी त्यांना मेट्रोच्या निळ्या मार्गावरून शहरात न्यावे. २००५ च्या अखेरीस द्वारकेपर्यंत आलेला हा मार्ग म्हणजे इतिहासाचा चालता-बोलता तासच आहे.

पहिला थांबा जनकपुरी. येथील माता चनन देवी रुग्णालय धर्मपाल गुलाटी यांनी आईच्या नावाने उभारले. फाळणीत सियालकोट सोडून दिल्लीत आलेल्या या तरुणाने काही दिवस टांगा हाकला, मग करोल बागेत मसाल्याचे दुकान थाटले. तेच आजचे 'एमडीएच'. २०१९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

पुढे टिळक नगर. अफगाणिस्तानातील अशांततेमुळे घरदार सोडलेली कित्येक शीख कुटुंबे या भागात स्थिरावली. त्यानंतर येतात पटेल नगर आणि राजेंद्र नगर. या वसाहती फाळणीच्या निर्वासितांसाठी उभारल्या गेल्या. १९४१ मध्ये सुमारे ९ लाख असलेली दिल्लीची लोकसंख्या १९५१ मध्ये १७ लाखांवर गेली. त्यात जवळजवळ ५ लाख निर्वासित होते. पुढे दिल्लीची बाजारपेठ आणि दिल्लीची चवही त्यांनी बदलली. तंदुरी कोंबडी घरोघरी पोहोचवणारे दर्यागंजचे 'मोती महल' पेशावरहून आलेल्या मंडळींनीच सुरू केले.

करोल बागेनंतर एक स्थानक गेले की रामकृष्ण आश्रम मार्ग. जवळच पहाडगंजला नूतन मराठी शाळा आहे. नोकरीसाठी उत्तरेत आलेल्या मराठी माणसांनी मुलांच्या शिक्षणाची सोय केली, ती अशी. येथे मुलांना हळूच सांगावे, "दिल्लीला आपणही बाहेरचेच होतो."

राजीव चौकात पिवळ्या मार्गावर बदलून काश्मिरी गेटला उतरले, की दारा शुकोह ग्रंथालयाच्या इमारतीत २०२३ मध्ये उघडलेले फाळणी संग्रहालय आहे. निर्वासितांनी सोबत आणलेल्या साध्यासुध्या वस्तू तेथे पाहताना मोठी माणसेही गप्प होतात.

परतताना मुलांना एक फरक समजावून द्यावा. बिहारमधून दिल्लीत येणारा आपल्याच देशात राहतो. परदेशातून येणाऱ्याला व्हिसा, परवाने लागतात. कायदा दोघांना वेगळा आहे. पण भाड्याची खोली शोधताना दोघांच्याही वाट्याला संशयाची नजर येते आणि ती बदलणे आपल्या हातात आहे.

घरी आल्यावर आजी-आजोबांना एवढेच विचारायला सांगावे, "आपले कुटुंब इथे कुठून आले आणि पहिल्या दिवसांत आपल्याला मदत कोणी केली?" द्वारकेच्या बहुतेक घरांत या प्रश्नाला उत्तर आहे. जी गावे आधीपासून येथेच होती, त्यांच्याकडेही सांगण्यासारखे आहे. त्यांच्याच शेतांवर आज हे सारे शहर उभे आहे.