भुकेची ओळख

रायपूरच्या तात्यापाऱ्यात सकाळी मराठी घरांतून पोह्यांच्या फोडणीचा वास दरवळतो. शेजारच्या छत्तीसगढी घरात रात्रभर पाण्यात भिजवलेला भात, म्हणजे बासी, कांदा-मिरचीसह वाढला जातो. अन्नाला परब्रह्म मानणाऱ्या अशा वस्तीत भरल्या ताटासमोर बसलेल्या मुलीचा हात घासापर्यंत पोहोचू नये, हे घरच्यांना कसे उमगावे?

अशी एक मुलगी डोळ्यांसमोर आणावी. तिच्या लहानपणी वडील संतापाच्या भरात वाढलेले ताट भिरकावीत. पुढे वडील निवळले. पण ताटाचा आवाज होताच मुलीचे पोट आवळून येई. दिवसभर ती उपाशी राही आणि मध्यरात्री डबे धुंडाळून घाईघाईने खाई. मग लाजेने पुन्हा उपास. ‘‘अगं, चार घास तरी पोटात जाऊ दे,’’ असे आई विनवी. आजीला मात्र ते नखरे वाटत.

ते नखरे नव्हते. संकटात शरीर लढते, पळते किंवा गोठते. संकट टळले तरी कधीकधी शरीराचा पहारा उठत नाही. त्यातच उपासमार मनालाही पोखरते. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अपुऱ्या आहारावर ठेवले. ते तरुण चिडचिडे व उदास झाले. अन्नाखेरीज त्यांना दुसरे काही सुचेना.

म्हणून उपचारांचा आरंभ शरीरापासून झाला. डॉक्टरांनी वजन, नाडी व रक्त तपासले. थोड्या थोड्या अंतराने खाण्याचा क्रम ठरवून दिला. समुपदेशक बाईंनी ‘‘तू का खात नाहीस?’’ असे विचारले नाही. ‘‘तुझ्यावर काय गुदरले?’’ असे विचारले. तळपाय जमिनीवर टेकवणे, श्वास संथ सोडणे, पोटातील आवळ कोठे आहे ते न घाबरता न्याहाळणे, असा तो अभ्यास होता. नको वाटताच थांबण्याची मुभा तिला होती. ही पद्धत म्हणजे जादू नव्हे. तिच्याविषयीचे संशोधन अजून चालू आहे आणि वैद्यकीय देखरेख व आहार यांना ती पर्याय ठरत नाही.

घरानेही आपली रीत बदलली. तिच्या ताटाकडे कोणी टक लावून पाहीना. वडील तिच्या शेजारी बसून मुकाट्याने जेवू लागले. मधूनमधून जुने दिवस परतत. तरीही एका दुपारी ती सहज म्हणाली, ‘‘आई, भूक लागली गं.’’ ते ऐकून वडिलांचे डोळे पाणावले.

रायपूरच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत मनोविकार विभाग आहे. २०२२ पासून ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्लाही मिळतो. मदत मागण्यात कमीपणा नाही. ताट वाढणे हे प्रेमच; पण ते निर्भयपणे जेवता यावे असे घर घडवणे, हे त्याहून मोठे प्रेम होय.