संगणकाला माठाचं पाणी

माझं माहेर बेळगावचं, सासर बडोद्याचं. माहेरी अप्पांची मायबोली कानडी, आईची मराठी. आम्हा भावंडांना कुठला शब्द कुठल्या भाषेतला, हे शाळेत गेल्यावर कळलं. आई होती तोवर अप्पा तिच्याशी मराठीतच बोलत. ती गेली आणि त्यांच्या तोंडून कानडीच जास्त येऊ लागली. ऐकणारं माणूस गेल्यावर भाषाही माघारी जाते की काय, कोण जाणे.

२००६ च्या उन्हाळ्यात मी त्यांना बडोद्याला घेऊन आले. दिवसभर ते गॅलरीत खुर्ची टाकून बसत. आमचा मुलगा तेव्हा कलाभवनात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. घरात मराठी, बाहेर गुजराती. कानडी त्याला ओ की ठो येत नव्हतं. आजोबा-नातवाचं बोलणं म्हणजे "अज्जा, जेवलात का?" आणि "हूं."

आमचं घर वरच्या मजल्यावर. मे महिन्यात बडोद्याचा पारा बेचाळिशीच्या पुढे जातो, गच्ची दिवसभर तापते आणि रात्रभर ती ऊब खोलीत उतरते. ह्यांनी हप्त्यावर घेतलेला पेंटियम-४ संगणक दुपारी चालेचना. प्रोसेसरचं तापमान सत्तरच्या वर गेलं की तो आधी मंद व्हायचा, मग बंद पडायचा. पंखा वाढवून उपयोग नव्हता. पंखा खोलीचीच हवा फिरवणार, आणि ती हवाच चाळीस अंशांची!

मुलाने ठरवलं, संगणक पाण्याने गार करायचा. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी हजारो पट उष्णता वाहून नेतं, असं त्याने मला स्वयंपाकघरात येऊन समजावलं. मी पोळ्या लाटत "बरं" म्हटलं. त्याने भंगारातून मोटारगाडीच्या हीटरचा छोटा रेडिएटर आणला, कूलरची पाण्यात बुडणारी मोटर आणली आणि गवंड्याकडची पारदर्शक लेव्हल-नळी आणली. अडलं ते तांब्याच्या ठोकळ्यापाशी. त्याच्या आत पाणी फिरायला वाट हवी, आणि त्याने पाडलेली भोकं वाकडी जात होती.

अप्पा खुर्चीतून उठले. उद्यमबागेत तीस वर्षं लेथवर काढलेला माणूस तो. त्यांनी ठोकळा हातात घेतला, उलटा केला आणि म्हणाले, "निधान, निधान." मुलगा माझ्याकडे पाहू लागला. मी म्हटलं, "हळू, असं म्हणतायत."

त्या दिवसापासून दोघं गॅलरीत. अप्पांनी ओळखीच्या नसलेल्या वर्कशॉपात जाऊन, खुणांनी बोलून, ठोकळ्याला सरळ भोकं पाडून घेतली आणि पितळी तोट्या झाळून घेतल्या. संगणकाला जोडण्याआधी पूर्ण दिवस नुसतं पाणी फिरवलं. प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचा तुकडा. कागद ओला झाला तर जोड गळका, इतकं सोपं. आत भरायला बॅटरीचं पाणी, कारण नळाच्या पाण्यातले क्षार आत साचतात.

तरी रेडिएटरने मनासारखं काम होईना. चाळीस अंशांच्या हवेत पाणी चाळिसाच्या खाली कसं उतरणार? अप्पांनी माझ्या माठाकडे बोट दाखवलं. फ्रिजवाल्याकडून तांब्याच्या नळीचं वेटोळं आणून त्यांनी ते माठातल्या पाण्यात सोडलं, बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळलं आणि समोर टेबलफॅन लावला. मुलाने हिशेब केला. ऐंशी वॅट उष्णता घालवायला तासाला साधारण सव्वाशे मिलीलीटर पाणी उडून जायला हवं. नुसत्या माठाला ते जड होतं, गोणपाट आणि पंख्याने जमलं. प्रोसेसर पन्नाशीत आला. मुलगा "अज्जा, अज्जा" करत नाचला. आई गेल्यापासून अप्पांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात हवा दमट झाली. दमट हवेत पाणी उडत नाही, माठ गार होईना. मुलाने फ्रिजमधला बर्फ काढला. अप्पा म्हणाले, "बर्फ ब्याड." त्याला वाटलं, अज्जा इंग्रजीत 'बॅड' म्हणतायत, घशासाठी. तो हसला आणि बर्फ माठात ओतून मोकळा झाला. मी ऐकलं होतं. अर्थही मला ठाऊक होता. पण सांगायला कामातून उठले नाही.

रात्री जेवताना त्याने संगणक बंद केला. मोटर वेगळ्या बटणावर होती, ती चालूच राहिली. परत येऊन सुरू केला आणि 'चट्' आवाज झाला. मदरबोर्ड गेला. एकही जोड गळला नव्हता. गार ठोकळ्यावर हवेतलं बाष्प जमून थेंब ओघळले होते. अप्पांनी वाकून पाहिलं आणि हळूच म्हणाले, "बेवर बंतु." घाम आला.

हप्ते फिटायचे होते. माझा तोल गेला. "अप्पा, या वयात ही खुळं कशाला शिकवायची पोराला?" ते काही बोलले नाहीत. सकाळी पाहते तो त्यांची बॅग भरलेली.

मुलगा दारात उभा राहिला. "आई, अज्जांनी नको म्हटलं होतं ना? काय म्हणाले होते ते, नीट सांग." मी सांगितलं. 'ब्याड' म्हणजे नको. मग त्याने स्वतःच पुढचं उलगडलं. माठातलं पाणी उडून उडून गार होतं, पण हवेतलं बाष्प ज्या तापमानाला थेंब होऊन जमतं, त्याच्या खाली ते कधी जात नाही. म्हणून माठाच्या पाण्याने नळीवर घाम येत नाही, बर्फाने येतो. अप्पांनी हे पुस्तकात वाचलं नव्हतं. लेथवर गार लोखंडाला सुटणारा घाम त्यांनी पावसाळ्यात पाहिला होता.

मी अप्पांच्या पाया पडले. ते म्हणाले, "साकु, साकु," आणि बॅगेतून पंचा काढून परत दोरीवर टाकला. हार्ड डिस्क वाचली होती. बोर्ड दिवाळीनंतर आला. तोवर नातू अज्जांकडून कानडी आकडे शिकला.

अप्पा २०११ साली गेले. पुण्याच्या आयसरमधला 'परम ब्रह्म' महासंगणक पाण्याने गार करतात, हे २०१९ साली वाचून मुलाचा फोन आला होता. आता तयार पाण्याचे कूलर दुकानात मिळतात, त्याच्याकडेही आहे. गेल्या पावसाळ्यात त्याची चार वर्षांची लेक थंड पेल्याला हात लावून विचारत होती, "बाबा, पेल्याला काय झालं?" तो म्हणाला, "बेवर बंतु."

मला तेव्हा पदर डोळ्यांना लावावा लागला.